वटवाघळाला जरीचा काठ

अहो आई,

'प्रिय' लिहिलं होतं, खोडलं. सहा वर्षांच्या संसारात तुम्हाला एकदाही प्रिय म्हटलं नाही. आता म्हटलं तर तुम्ही नाक मुरडून म्हणाल, "काय काम आहे हिचं?" काम आहेच.

आज हॅलोविन. वर्ष झालं. अर्णव शाळेतून आला, वरणभात जेवला आणि तुमच्या खोलीत, तुमच्याच पलंगावर झोपलाय. झोपण्याआधी तो मला काहीतरी बोलला. ते ऐकलं आणि मी हा कागद घेऊन बसले. काय बोलला ते सांगते, पण आधी गेल्या वर्षीचं सगळं जसं घडलं तसं सांगू द्या. मी ते अजून कुणालाच तसं सांगितलेलं नाही, तुमच्या मुलालाही नाही.

तुम्ही नागपूरहून सहा महिन्यांसाठी इकडे परदेशात आलात आणि आल्या आल्या या घराला एक कायदा लावलात. एक ते तीन पोराची झोप. त्या वेळात फोन वाजला तर रिसीव्हर उशीखाली दाबून ठेवायचात. मला संताप यायचा. घर माझं, पोर माझं, आणि मी ऑफिसात बसलेली असताना वेळापत्रक तुमचं? त्यातून त्या आठवड्यात हिवाळ्यासाठी इथली घड्याळं तासभर मागे गेली होती. अर्णव पहाटेच टक्क उठून बसायचा आणि जेवणाच्या ताटावर पेंगायचा.

हॅलोविनला मुलांची काय काळजी घ्यायची याचा एक कागद शाळेनं पाठवला होता. मी तो फ्रिजवर लावला आणि विसरून गेले. तुम्ही मात्र त्यावरचं चित्र येताजाता बघत होतात. अंधारात एक मूल, अंगावर चमकत्या पट्ट्या, समोर गाडीचे दिवे. इंग्रजी न वाचता तुम्हाला जे कळलं ते मला दोन-दोन डिग्र्या घेऊन कळलं नाही. पट्ट्या कुठून आणायच्या? तुम्ही दिवाळीत नेसलेल्या साडीचा जरीचा काठ उसवलात आणि अर्णवच्या वटवाघळाच्या सोंगाच्या काळ्या पंखांना कडेनं शिवलात. बारीक धावदोरा, चष्मा लावून, दोन दुपारी. मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी मी रजा टाकली होती. सकाळी शाळेत पोरांची परेड, दुपारी आपल्या गल्लीतल्या स्वातीकडे पार्टी; पंख संध्याकाळसाठी घरीच ठेवले होते. तुम्ही दारात आडव्या उभ्या राहिलात.

"आज नको नेऊ वैशाली. डोळे बघ न त्याचे, कसे झाले आहेत. दोन तास झोपू दे, मग संध्याकाळभर फिरव."

"एक दिवस नाही झोपलं म्हणून कुणी मरत नाही, आई."

हे मी म्हणाले. तुमच्या तोंडावर. याच दारात.

पाचला घरी आलो तेव्हा बाहेर अंधारून आलं होतं. तुम्ही ते पंख हातावर घेऊन उभ्या होतात आणि चेहऱ्यावर कधी नव्हे ते कौतुक होतं. मला काठ दिसला आणि माझं डोकं फिरलं. दिवसभर गोऱ्या बायकांमध्ये हसून हसून गाल दुखत होते, त्यात हे. "वटवाघूळ आहे ते, नवरदेव नाही!" असं ओरडले आणि काठ एका हिसक्यात ओढला. टर्र करून कापडही फाटलं. तुमच्या डोळ्यांदेखत तो कचऱ्याच्या डब्यात टाकला.

तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. का नाही बोललात? एरवी मिठावरूनही बोलायचात. भांडला असतात तर दहा मिनिटं मोडली असती, आणि तेवढ्यात ती गाडी आपल्या गल्लीतून निघून गेली असती.

आपण तिघं चॉकलेटं मागत घरोघर निघालो, तुम्ही मागे. तिसऱ्या घरापाशी अर्णव बिथरला. पिशवी फेकली, लोकांच्या ड्राइव्हवेवर आडवा पडला, मला लाथा मारल्या. आजूबाजूचे आईबाप बघत होते. मी त्याला दंडाला धरून उभा केला आणि थोबाडीत दिली. चापटी नव्हती ती. माझी बोटं झिणझिणली. त्याचा ओठ फुटला, पण ते कुणाला दिसलं नाही, कारण त्याच्या हनुवटीवर मीच दुपारी लाल रंगाचं रक्त काढून दिलं होतं.

तो माझ्यापासून पळाला. पुढे रस्ता होता.

मी खांबासारखी उभी. धावलात तुम्ही. गुडघ्यांमुळे जिना बसत बसत उतरणाऱ्या तुम्ही. आधी ब्रेक ऐकू आले, मग ट्रकवरून धान्याचं पोतं टाकल्यासारखा आवाज. तुम्ही बॉनेटवर आदळलात, काचेला तडा गेला, आणि तिथून खाली डांबरावर. डोक्याखालून रक्त आलं आणि उतारानं गटाराकडे गेलं. त्यात अर्णवच्या चॉकलेटांचे कागद. तुमची एक चप्पल शेजाऱ्यांच्या भोपळ्यापाशी जाऊन पडली होती. त्या लॉनवर खोटी थडगी आणि रबराचे तुटके हातपाय मांडलेले होते. टोपीवाला एक मुलगा तुमच्याकडे बोट करून म्हणाला, "कूल! इज दॅट रिअल?" त्याची आई आधी हसली. मग तिनं त्याचे डोळे झाकले.

मी तुमच्याजवळ आले नाही, आई. मी गाडीकडे गेले. हातात अंधारासाठी घेतलेला जड टॉर्च होता. तो दिव्यावर घातला, बॉनेटवर घातला, दार उघडून बाहेर आलेल्या मुलीच्या खांद्यावर घातला. असेल अठरा-एकोणीस वर्षांची. ती हात डोक्यावर धरून "आय सॉ हिम, आय सॉ हिम" म्हणत होती आणि मी मारत होते. तिचं हाड मोडलं असतं तर मला बरं वाटलं असतं. दोघांनी मला मागून धरलं. तुमचा श्वास चार-पाच मिनिटं चालू होता म्हणे. तुमची ती मिनिटं मी मारामारीत घालवली. तोंडात पाणी घालायलाही आले नाही.

तुमचा अभिजित ऑफिसातून थेट हॉस्पिटलमध्ये आला. घरी परतल्यावर त्यानं दारातले तिन्ही भोपळे बुटानं फोडले, बिया भिंतीवर उडेपर्यंत. मग मला विचारलं, "सुटला कसा तो?"

"हात सोडवून पळाला," मी म्हणाले.

चार वर्षांच्या पोरावर ढकललं. आणि मराठी मंडळात सगळ्यांना सांगितलं की गाडी सुसाट होती. लोकांनी त्या मुलीला शिव्या घातल्या, मी ऐकत राहिले.

सुसाट नव्हती. पोलिसांचा रिपोर्ट घरी आला तो मी वाचला, अभिजितनं अजून त्या पाकिटाला हात लावलेला नाही. पोराच्या हातावर काहीतरी चमकलं म्हणून आपण स्टिअरिंग फिरवलं, असं त्या मुलीनं सांगितलंय. फिरवलं त्या बाजूला तुम्ही होतात. तपकिरी साडी, वर काळी शाल.

त्याच्या हातावर काय चमकलं ते मला रिपोर्टच्या कितीतरी आधीच कळलं होतं. हॉस्पिटलमधून आल्यावर कपडे उतरवताना दिसलं. दोन्ही मनगटांना तुमचा काठ, दुहेरी गाठ मारून. कचऱ्यातून काढून बांधलात ना? कधी? मी पुढे चालत स्वातीशी फोनवर बोलत होते तेव्हा? आणि एवढं सुचलं तर स्वतःच्या शालीला एक तुकडा लावायला काय झालं होतं तुम्हाला? या गोष्टीचा मला अजून तुमच्यावर राग आहे. खरंच आहे.

तो शाळेचा कागद मी नंतर वाचला. शेवटची ओळ होती, त्या दुपारी मुलांची झोप चुकवू नका.

यंदा इथला कायदा बदललाय. घड्याळं हॅलोविन झाल्यावर मागे जाणार. पाच वाजता आज उजेड असेल. एक वर्ष आधी का नाही सुचलं त्यांना? पण असंही वाटतं की उजेडातही मी मारलंच असतं.

आता तो काय बोलला ते. पांघरूण घालायला मी हात पुढे केला तर त्यानं मान आत घेतली. माझा हात जवळ आला की वर्षभर तो हेच करतो आणि मी न पाहिल्यासारखं करते. मग छताकडे बघत म्हणाला, "मम्मा, आय वॉज बॅड, सो यू हिट मी, सो आय रॅन, सो आजी डाइड." वर त्यानंच माझी समजूत घातली. "इट्स ओके. मी बाबांना नाही सांगितलं. आय वोन्ट टेल." आणि भिंतीकडे कूस वळवून झोपला.

पाच वर्षांचं पोर, आई. मी त्याच्यावर ढकललं आणि तो ते गपचूप घेऊन फिरतोय. मला वाचवतोय. माझं मला तोंडात मारून घ्यावंसं वाटतंय, पण मारणं आता पुरे.

मी तो काठ धुऊन ठेवला होता. आत्ता त्याच फाटक्या पंखांना परत शिवला. तुमच्यासारखा धावदोरा जमला नाही, वेडावाकडा झालाय. एक तुकडा माझ्या कोटाच्या बाहीलाही लावलाय.

चारला अभिजित येईल. तुम्हाला शब्द देते, दोघांना समोर बसवून सांगेन. मी मारलं म्हणून तो पळाला, तो वाईट वागला म्हणून नाही. ती मुलगी सावकाश चालवत होती. रिपोर्टचं पाकीट अभिजितच्या हातात देईन. त्यानं मला घराबाहेर काढलं तरी निघेन, पण सांगून निघेन. त्यानंतर अर्णवला तीन घरं फिरायचं असेल तर फिरवीन, आणि नको असेल तर घरीच बसू.

फोन वाजला आत्ता, बहुतेक स्वातीचा. मी रिसीव्हर उशीखाली दाबलाय. त्याची झोप पुरी होऊ दे. उठला की पहिली मी त्याच्याशी बोलणार आहे.

तुमची सून,
वैशाली