दारापुढची राखलेली जागा

ब्रिजपोर्ट, शिकागो
३ डिसेंबर

चि. नियोलेस, पोविलासदादाचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र पोचलं. टेलिफोनवर तुझं बोलणं माझ्या कानांना हल्ली पाण्याखालून आल्यासारखं वाटतं, त्यापेक्षा पत्रच बरं. विसरलो तर पुन्हा वाचता येतं.

यंदा बर्फ लवकर आला. सकाळी पडदा सारला तर गल्ली पांढरीशुभ्र, आणि लहानपणी आपल्या भाषेच्या शनिवारच्या शाळेत बाईंनी दामटून पाठ करून घेतलेली ती हिमाची कविता आपसूक ओठांवर आली. दुसऱ्या कडव्यापर्यंत पोचतो न पोचतो तोच बर्फ ढकलणारी गाडी आली आणि रस्त्यावरचा सगळा राडा माझ्या गाडीवर लोटून गेली. कवींना गाड्या नसतात, हे बाईंनी सांगितलं नव्हतं.

फावडं मारमारून दारापुढची जागा मोकळी केली आणि गाडी घेऊन दुकानात जाताना गल्लीच्या रीतीप्रमाणे, जागा राखायला तिथे खुर्ची मांडली. खुर्ची म्हणजे आल्डोनाचं हिरवं स्टूल. ती गेल्यापासून त्यावर कुणी बसत नाही. म्हटलं, तुझ्या वहिनीचं स्टूल निदान जागा तरी राखेल. परत येतो तो स्टूल फुटपाथवर आणि जागेत ट्रेंटचा ट्रक! हा ट्रेंट उन्हाळ्यात कोपऱ्यावरच्या घरात राहायला आलेला दाढीवाला. विचारलं तर म्हणाला, आजोबा, रस्ता सरकारचा आहे, स्टुलाचा नाही. मग बर्फ कुणी उपसला, म्हटलं. तर म्हणे, देवानं पाडला, तुम्ही उपसला, दोघांचाही आभारी आहे.

आपल्या बाबांच्या काळी दुसऱ्याच्या खुर्चीला हात लावणं म्हणजे त्याच्या ताटात हात घालणं होतं. आता कुणाला काय सांगायचं?

नाताळच्या आदल्या संध्याकाळी कुचोसच्या जेवणाला येशील का? चर्चमधून प्रसादाची पापडी आणीन, पण ती एकमेकांशी मोडून खायची, एकट्यानं कुणाशी मोडायची?

तुझा,
पोविलासदादा


ट्यूसॉन
१० डिसेंबर

ती. पोविलासदादास, सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग राग आला. या वयात फावडं मारायला तुला कुणी सांगितलं? आणि त्या दाढीवाल्याशी भांडून काय मिळणार? तू लहानपणीही असाच. कविता म्हणत म्हणत दगड मारायचास.

आता माझं ऐक. जानेवारीत खुब्याचं ऑपरेशन ठरलंय. त्यानंतर लांबचा प्रवास कायमचा बंद, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले. तुला विमान केव्हाच वर्ज्य झालंय. तेव्हा भेट व्हायची तर याच कुचोसला. मिलवॉकीला रिमासकडे येते, तो गाडीनं तुझ्याकडे आणील. मात्र माझा लेक गाडी चालवील, मला उचलून नेणार नाही. गाडी दाराशी लागली तरच मी उतरणार. बर्फाच्या ढिगांवरून चालणं मला जमायचं नाही.

खसखशीचं दूध कर. आईच्या हातचं होणार नाही, पण कर.

तुझी लाडकी (अजूनही असेन तर),
नियोले


ब्रिजपोर्ट
१७ डिसेंबर

चि. नियोलेस, अ. आ. वि. वि.

तू येणार! पत्र खिशात घेऊन दोनदा चर्चला जाऊन आलो. पाद्रीबाबा म्हणाले, एवढी भक्ती तब्येतीला झेपेल ना?

एक गोष्ट सांगतो, रागावू नकोस. ट्रेंटनं पुन्हा ट्रक घुसवला. मी पहाटे उठून ट्रकवर पाण्याच्या बादल्या ओतल्या. सकाळी ट्रक काचेच्या बरणीतल्या लोणच्यासारखा दिसत होता. दुपारपर्यंत तो खरवडत होता आणि मी खिडकीत कॉफी पीत होतो. फार दिवसांनी कॉफी गोड लागली.

तुझी काळजी मिटली असं समज. माझी गाडी चर्चच्या आवारात लावीन, दारापुढची जागा खरवडून कोरडी ठेवीन, मीठ टाकीन, त्यात हिरवं स्टूल मांडीन. स्टूल दिसलं की रिमासनं ते खुशाल बाजूला करावं, जागा आपलीच. मात्र दुसऱ्या कुणाच्या खुर्चीला बोट लावू देऊ नकोस. परवाच पलीकडच्या गल्लीत एकानं परकी खुर्ची उचलली, तर त्याचे चारही टायर फाडून ठेवले. लोक फार कडवट झालेत. मीही त्यातलाच.

वाट पाहतो.
पोविलासदादा


मिलवॉकी
२७ डिसेंबर

ती. दादास, सा. न. वि. वि.

कुठे होतास?

आम्ही आलो होतो. अंधार पडतापडता, बर्फ भुरभुरत असताना गल्लीत शिरलो. एवढ्या गल्लीत तुझ्या दारापुढेच काय ती जागा मोकळी, पण तीत लाल घडीची खुर्ची. हिरवं स्टूल मी सगळीकडे शोधलं. म्हटलं, त्या दाढीवाल्यानं तुझी जागा बळकावली आणि आपली खुर्ची ठोकली. रिमास म्हणाला, आई, मी उचलतो. मीच त्याचा हात धरला. तूच तर लिहिलं होतंस.

गाडी रस्त्यात उभी ठेवून तो तुझ्या पायऱ्या चढला, दार ठोठावलं, हाका मारल्या, फोनही लावून पाहिला. घरात एकही दिवा नाही. मागे एक भलामोठा ट्रक भोंगा वाजवत उभा. दोन्हीकडे ढीग, उतरू तरी कुठे? दोन फेऱ्या मारल्या. मग मला रडू यायला लागलं आणि रिमासनं गाडी परत वळवली.

कुणाकडे जेवायला गेला असशील तर कळवायचं होतंस. तेव्हापासून खुबा इतका दुखतोय की पुन्हा तेवढा वेळ गाडीत बसवणार नाही, आणि उद्या परतीचं विमान आहे. ऑपरेशन ठरल्या दिवशीच आहे.

नियोले


ब्रिजपोर्ट
२ जानेवारी

चि. नियोलेस,

मी घरीच होतो.

ट्रक गोठवल्याच्या तिसऱ्या दिवशी आल्डोनाच्या स्टुलाचे तुकडे माझ्या पायरीवर नीट रचून ठेवलेले सापडले. तुला लिहिलं नाही. तू बजावलं होतंस आणि मी ऐकलं नव्हतं, त्याची लाज वाटली. चर्चच्या तळघरातून लाल खुर्ची मागून आणली आणि तुझ्यासाठी मांडली.

दुपारभर खिडकीत बसलो होतो. अंधारू लागलं तसं वाटलं, पहिला तारा दिसल्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही, ही आपल्या घरची रीत. आठवतंय? बाबा सगळे दिवे मालवायचे आणि आपण मागच्या लाकडी जिन्यावर कुडकुडत आभाळाकडे बघायचो, आधी कुणाला दिसतो म्हणून भांडायचो. मीही दिवे मालवले आणि मागच्या जिन्यावर जाऊन उभा राहिलो. बर्फ पडत होता, तारा कुठला दिसायला? तरी कविता म्हणत उभा राहिलो. पुढच्या दाराला तुझा लेक हाका मारत होता.

सकाळी पायरीवर बुटांचे ठसे दिसले. वर आलेले, खाली गेलेले. मला वाटलं, पाद्रीबाबा येऊन गेले.

तुमच्या गाडीमागे भोंगा वाजवत होता तो ट्रेंटच. काल फुटपाथवर भेटला. खाली बघत म्हणाला, "आजोबा, स्टुलाचं चुकलं माझं. तेव्हापासून तुमच्या खुर्चीला हात लावलेला नाही." खरंच होतं ते. त्या संध्याकाळी तोही जागा शोधत फिरत होता, पण माझ्या जागेत घुसला नाही. अख्ख्या गल्लीनं माझ्या खुर्चीचा मान राखला. तूसुद्धा.

खसखशीचं दूध फेकून दिलं. पापडी ठेवली आहे, अर्धी या पाकिटात घातली आहे. टपालात चुरा झाला तरी खा.

कालपासून पाऊस आहे. बर्फ वाहून गेला. गल्लीत आता वाटेल तिथे गाडी लावता येते.

ऑपरेशन सुखरूप पार पडो. तुझ्या लोभात माझी जागा राहू दे. खुर्ची मात्र मांडू नकोस.

पोविलासदादा