तिसऱ्या भागाचा शेवट

४ मार्च
सिंफनीच्या तिसऱ्या भागाच्या शेवटी शिट्टी सापडली. जुन्या टेपमध्ये यंत्राची अशी शिट्टी हमखास असते. पडद्यावर २६३७ हर्ट्झला केसासारखी सरळ रेघ, चौदा सेकंद. कानाला काही ऐकू आलं नाही, म्हणजे फारच बारीक. पुसली. सिंफनी साफ झाली, फाईल सरांकडे.

चौतीस वर्षांपूर्वीचं ध्वनिमुद्रण हे. पहिल्या व्हायोलिनांत, तिसऱ्या खुर्चीवर बाबा! आई म्हणाली, "लेक मला धुऊन काढतेय, असं तुझे बाबा सांगत फिरतायत."

६ मार्च
सरांचा फोन. "अगं, शेवटी व्हायोलिनं कुठे गेली? तो सूर म्हणजे सगळ्या सिंफनीचा जीव!"

शिट्टी नव्हती ती. सोळा माणसं एक सूर धरून बसली होती. स्वरलिपी टेबलावरच पडली होती — उघडून बघितली नव्हती.

"चुकून दुसरी फाईल आली," मी म्हणाले. खोटं. मूळ प्रत लावली. टेपची खरखर, खाली चेलो, कुणाचा तरी खोकला. सूर नाही. आवाज वाढवला. नाही. आणखी वाढवला. शेजारच्या खोलीतून सहकारी ओरडला, "बाई, कानाचे पडदे फाटतील!" मी हसून दाखवलं.

७ मार्च
एकवीस वेळा ऐकलं. नाही.

९ मार्च
कानाची तपासणी. बंद खोली, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. खूप वेळ दाबलंच नाही.

डॉक्टरांनी आलेख पुढे सरकवला. दोन्ही कान. अडीच हजार हर्ट्झच्या पुढे रेषा सरळ खाली.
"परत येईल?"
"गेलेलं येत नाही. उरलेलं किती टिकेल, तेही सांगता येणार नाही." मग विचारलं, "काय काम करता?"
"कारकून आहे," म्हटलं.

१० मार्च
सूर परत घातला — रेघ बघून. सरांनी डोळे मिटून ऐकलं. "तुझ्या कानाला तोड नाही!"

गेल्या दोन वर्षांत एकेचाळीस ध्वनिमुद्रणं साफ केली. त्यांतून काय काय पुसलं असेल मी? कुणाला विचारू? मला दुसरं काही येत नाही. खरंच काही येत नाही.

१२ मार्च
जेवताना सांगणार होते. बाबांनी रविवारी वाद्यवृंदातल्या जुन्या दोस्तांना ऐकायला बोलावलंय. "शेवट आला की कुणी शिंकायचंसुद्धा नाही!" आई म्हणाली, "मग आधी तुमचं तोंड बंद ठेवा."
सांगितलं नाही.

१३ मार्च
सरांनी पुढची टेप दिली. दिवसभर नुसती हातात धरून बसले.

१५ मार्च, रविवार
दुपारी सांगितलं. पाहुणे यायच्या आधी, एका दमात, आलेखासकट. बाबांनी आधी खोलीचं दार लावून घेतलं.

"सोळा नव्हते, बाळ. पंधराच वाजवत होते. तेव्हा मी तुझ्याच वयाचा. तो सूर मलाही ऐकूच येत नव्हता, बेसूर लागला तर काय करायचं? गज तारेला टेकवलाच नाही मी — नुसता हलवत राहिलो."