चिंबोऱ्या भरल्या की

८ ऑगस्ट
नारळी पौर्णिमा. बाबांनी खाडीत नारळ सोडला, घरी आले आणि विचारलं, "अंकुश कुठं गेला?" मी म्हटलं, "कामावर." सहा वर्षं झाली अंकुशला जाऊन. माझा नवरा, त्यांचा मुलगा. मागच्या खेपेला खरं सांगितलं तर आत्ताच गेल्यासारखे रडले होते. आता खोटंच बोलते. सासरे झाले तरी माझे बाबाच ते.

१२ ऑगस्ट
रुतिकाचं ठरलं! मुलगा सुयश, राहणारा कोपरखैरण्यातलाच, आईवडील साताऱ्याकडचे. ५ डिसेंबर. हॉलसुद्धा मिळाला.
पोरीची एकच अट. "आई, पहिली हळद आजानेच लावायची. आणि ती मला लावतोय हे त्याला कळलं पाहिजे."
डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, ओळख किती दिवस राहील ते सांगता येत नाही. मी रुतिकाला म्हटलं, "राहील गं." आठवड्यातलं दुसरं खोटं.

१७ ऑगस्ट
महाप्याच्या ऑफिसात अठरा वर्षं मीच सगळे कार्यक्रम पार पाडते. वार्षिक दिन काय, साहेबांचा निरोप काय. त्याच झोकात लग्नाचा तक्ता करून भिंतीवर लावला. बाबा बराच वेळ बघत राहिले.
"तारखा हाईत. काम कुठं हाय?"
मग खाटेवर बसून मलाच शिकवलं. पावसात जाळी शिवायची. नारळी पुनवेला होडी लोटायची. थंडीत मासा. उन्हात सुक्या मासळीचं वाळवण. "चारी नीट झाली का वरीस नीट."
आज सकाळी संडास कुठे आहे ते विसरले होते हे! आणि हे सगळं कसं घडाघडा.
तक्ता फाडला. नवा केला — जाळी, होडी, मासा, वाळवण. याद्या, मापं, चौकशा जाळीत. पत्रिका, आमंत्रणं होडीत. लग्न म्हणजे मासा. वाळवणाखाली काय लिहायचं ते सुचेना. विचारलं तर म्हणाले, "मासा नसतो तवा तेच खायाचं." तेवढा रकाना कोराच ठेवला.

३ सप्टेंबर
रोज सकाळी तक्त्यापुढे उभे. "जाली झाली?" झाली बाबा, थोडी राहिली. माझ्या साहेबांपेक्षा कडक!

२४ ऑक्टोबर
दिवाळी उरकली. होडी लोटली, म्हणजे पत्रिका गेल्या.
दिवसभर एकच. लगीन कवा हाय? ५ डिसेंबर, बाबा. पाच मिनिटांनी परत. लगीन कवा हाय? सातव्यांदा माझं डोकं फिरलं. ओरडलेच, "चिंबोऱ्या भरल्या की!" खेकडे गराने भरतील तेव्हा; तोंडात आलं ते बोलले.
मान डोलावली. परत म्हणून विचारलं नाही. संध्याकाळी शेजारच्या शकुबाईंना सांगत होते, "चिंबोरी भरली का माज्या रुतीचं लगीन." रुतीचं! नाव घेऊन! मी ओट्याशी उभी राहून एकटीच हसत होते.

२९ ऑक्टोबर
आज रुतिकाला म्हणाले, "बाय, तू कुनाची?"
तिने नळ सोडून न्हाणीत रडून घेतलं. मला ऐकू येत होतं.
नात समोर बसली तर परकी. पण "रुतीचं लगीन कवा?" विचारलं की लगेच, "चिंबोरी भरली का."

६ नोव्हेंबर
काल पौर्णिमा होती. बाबांनी हट्ट केला म्हणून आज चिंबोऱ्या आणल्या. त्यांनी नांगी फोडली आणि मला दाखवली. आत काही नाही. "अजून नाय."
मी धावत जाऊन कॅलेंडर काढलं. ४ डिसेंबर पौर्णिमा! लग्नाच्या दिवशीही चिंबोऱ्या पोकळच असणार. अवसेला भरतात, पुनवेला पोकळ, हे आमच्या बोनकोड्यातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आणि मी, खाडीकाठी जन्मलेली, रागाच्या भरात काय बोलून बसले!
समजावून बघितलं. "बाबा, लग्न पुनवेच्या दुसऱ्याच दिवशी आहे." हसले. "पोकल चिंबोरीवर कोन लगीन लावतं?"

९ नोव्हेंबर
हॉल आता बदलत नाही. बदलला तरी अवसेला लग्न कोण लावणार?
मग डोक्यात आलं, लग्न राहू दे, हळद तर होईल. चार तारखेची हळद आहे तशीच. त्याआधी २० तारखेला, अवसेला, घरातल्या घरात फक्त बाबांची. भरली चिंबोरी बघून तरी समोरची रुती ओळखतील.
शकुबाई आमच्या धवलारीण, लग्नातली गाणी म्हणणाऱ्या. त्यांच्या धवल्यांशिवाय हळद कशी लागणार? "आवसेला धवला? येरी झालीस का सुनयना?" त्यांनी खाटेवरच्या बाबांकडे बघितलं. मग हळूच, "किती वाजता येऊ?"
खरी भीती सुयशच्या आईची, वेणूबाईंची. फोन हातात घेऊन दोनदा ठेवला. "अवसंला हळद? आमच्यात न्हाई चालत वो." मी बाबांचं सगळं सांगितलं. "पर म्हाताऱ्याच्या हातची हाय. अवस काय करतीया तिला? लावा." फोन ठेवून मी खूप रडले.

२० नोव्हेंबर
सकाळीच चिंबोऱ्या. बाबांनी नांगी फोडली. गच्च भरलेली!
उठले. कोणी न सांगता पांढरा सदरा घातला. "रुतीला बोलव."
ती समोर बसली. मी देवाचं नावसुद्धा घ्यायची विसरले. बाबांनी हळदीत बोटं बुडवली. आधी कपाळाला, मग दोन्ही गालांना. "रुते, लय मोठी झालीस गो."
शकुबाईंचा धवला मध्येच थांबला. त्यांनाही गाता येईना. रुतिका हसत होती, डोळे पुसत होती, हळद सगळी तोंडभर.
मग आम्ही चौघं पिवळ्या हातांनी चिंबोऱ्या खात बसलो. इतकं सुख मला झेपत नव्हतं.

५ डिसेंबर
लग्न लागलं. दोघं पाया पडायला आली तर बाबा अवघडून उभेच राहिले, परक्यांसमोर राहावं तसे. रुतिकाला म्हणाले, "बाय, माजी पन नात हाय तुज्याएवरी. तिचं लगीन झालं आवसेला. मीच हलद लावली."
रुतिकाने मुंडावळ्या बाजूला केल्या. "कशी दिसत होती ती?"
"पिवली. हसत व्हती."
मी घरी आले. तक्त्यावर वाळवणाच्या कोऱ्या रकान्यात लिहिलं — २० नोव्हेंबर.