पाठ असलेले डोळे

४ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

डिसेंबर लागला. घरच्या नियमाप्रमाणे आता मी तुझं वर्ष लिहायचं आणि तू माझं. अण्णा म्हणायचे, स्वतःचं वर्ष लिहायला बसलेला माणूस एक तर फुगवून लिहितो नाही तर रडून, त्यापेक्षा भावाने बहिणीचं लिहावं आणि बहिणीने भावाचं. चढ आणि उतार दोन्ही. ज्याचं वर्ष, त्याने दुरुस्त्या कळवायच्या. अण्णा गेले, पण नियम काही जायला तयार नाही.

तर तुझं वर्ष. सर्वांत मोठा चढ मार्चमधला. तो मीच घडवून आणलेला असल्यामुळे त्याबद्दल मी फार बोलणं बरं नाही, तरी बोलतो. दुकानाची खुर्ची लेकीला देण्याआधी मी हाताने घासून बसवलेला शेवटचा चष्मा तुझा. फेब्रुवारीत तू आलीस तेव्हा नंबर काढला होता. लेकीने आणलेलं ते नवं मशीन काचा स्वतःच कापतं आणि स्वतःच तपासतं. तुझ्या काचांना मी त्याचा वारासुद्धा लागू दिला नाही. तुझी आवडती गोल फ्रेम. चष्मा पोचल्यावर तू लिहिलंस की झकास आहे. ते पत्र मी खिशात ठेवून आठवडाभर हिंडलो.

जूनमध्ये तू शाळेच्या गणवेशांना नाही म्हणालीस, तोही चढ. इतकी वर्षं सांगत होतो की अंगावर एवढं काम घेऊ नकोस. उशिरा का होईना, शहाणी झालीस. अलीकडे तुझं अक्षर मोठं झालंय आणि पत्रं लहान. पूर्वी एका पानात सगळ्या गल्लीच्या खबरा कोंबायचीस, आता सहा ओळींत पान संपतं. वय वाढलं की माणूस कागदाच्या बाबतीत उदार होतो असं दिसतं.

उतार म्हणजे माझा शर्ट. वाढदिवसाला पाठवलेला. त्याची काजं एका रेषेत नाहीत. तिसरं बटण लावलं की कॉलर कानाला येऊन भेटते. तू तो दुसऱ्या कुणाकडून शिवून घेतलास हे उघड आहे. मोठी कामं सोडलीस ते ठीक, पण भावाचा शर्ट परक्या हातात? घालतो मात्र रोज. गिऱ्हाईक बघत राहतं, तेव्हा मी मान जरा तिरकी ठेवतो, म्हणजे जुळून येतं.

माझं वर्ष लिहिताना हात राखून लिही.

माया आहे तशी असू दे, आणि कागदही असाच उधळत जा.

तुझा,
बारक्या (वय चौसष्ट)


११ डिसेंबर

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. दुरुस्ती एकच. शर्ट परक्या हातात दिला नव्हता, मीच शिवला. तेव्हा तो उतार दुसऱ्या कुणाच्या माथी मारू नकोस. चष्मा चढात घातलायस, तो तिथेच राहू दे.

आता तुझं वर्ष. मार्चमध्ये खुर्ची सोडलीस हा चढ. एप्रिलमध्ये त्याच खुर्चीमागे स्टूल टाकून बसलास हा उतार. भाची कळवते की गिऱ्हाईक दारात आलं की ती काही विचारायच्या आत तू त्याचा नंबर सांगून मोकळा होतोस, आणि मग ती बिचारी तपासायला बसते. सकाळी चालायला जायचं ठरवलंस हा चढ. तो सात दिवस टिकला. पुढचं तुला माहीत आहे.

जुना चष्मा हातात पडल्याशिवाय नवा द्यायचा नाही, हा तुझा नियम तिनेही चालू ठेवलाय म्हणे. माणूस जुन्याच्याच मोहात राहतो आणि नवा पेटीत पडून राहतो, हे तुझं म्हणणं. सख्ख्या बहिणीलाही सूट नव्हती. आधी माझा जुना पोस्टाने मागवलास, मगच नवा धाडलास. गावाचे मोह तू कपाटात कुलूप लावून ठेवतोस. तुझा तो स्टुलाचा मोह कुणी ठेवायचा?

एक बातमी. मी शिलाई मशीन विकतेय. समोरची पडदे शिवणारी बाई तीस तारखेला घेऊन जाईल. एकतीस वर्षं पाय मारले, आता हात थकले. पुढची खोली रिकामी झाली की तिथे खुर्ची टाकून रस्ता बघत बसेन. काम सोडलेले सगळेच असं सांगतात, म्हणून मीही सांगते.

यावर उपदेश नको. मायेत खंड नको.

तुझी,
ताई


१४ डिसेंबर

ती. आत्यास,
सा. न.

हे पत्र बाबांना माहीत नाही. तुझं पत्र त्यांनी मला वाचून दाखवलं, स्टुलाचा भाग गाळून. तो मी नंतर स्वतः वाचला.

तू मशीन विकणार हे कळल्यापासून ते तुझ्या हातांसाठी तेलं शोधत फिरतायत. तीन बाटल्या जमल्यात. मला मात्र हातांचं पटत नाही. पाकिटावर तू लिहिलेला आमचा पत्ता उतरत उतरत पार तळाच्या कडेला गेला होता. हात थकलेला माणूस हळू लिहितो, पण ओळ सोडत नाही. ओळ सुटते ती डोळ्यांमुळे. एवढं तरी माझ्या धंद्यात मला कळतं.

आत्या, खरं सांग, डोळ्यांचं काही आहे का? चष्मा माझ्या नावाने पाठव. माझ्या मशीनवर पाच मिनिटांचं काम आहे. मार्चमध्येच मी म्हटलं होतं की पाठवण्याआधी एकदा तपासू. बाबा म्हणाले, "माझ्या बहिणीचे डोळे मला पाठ आहेत." आणि पार्सल बांधायला घेतलं.

तीस तारखेच्या आत पाठव. रागावलीस तर रागाव, पण पाठव.

तुझी,
भाची


१८ डिसेंबर

चि. पोरीस,
अ. उ. आ.

तू बापापेक्षा हुशार निघालीस. हे त्याला सांगू नकोस, आणि खालचंही काही सांगू नकोस.

डोळे गेले माझे. हळूहळू नाही, एकदम, उन्हाळ्याच्या तोंडाशी. दुपार झाली की डोकं ठणकतं. खडूची रेघ एकाची दोन दिसते आणि कात्री दोन्हींच्या मधून जाते. सुई ओवायला समोरच्या पडदेवालीला हाक मारते. शाळेला नाही म्हटलं ते शहाणपणाने नव्हे. नमुन्याच्या पन्नास कॉलरी कापल्या, त्यातल्या सत्तावीस टाकल्या, आणि मग नाही म्हटलं. बँकेतल्या साहेबांच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. ते भले गृहस्थ आरशासमोर उभे राहिले आणि जरा फिरल्यासारखं वाटतंय, एवढंच म्हणाले. तसाच कोट घालून जातात. रोज सकाळी माझ्या दारावरून जातात, तेव्हा मी आत असते.

चष्म्यात खोट नाही. त्याने केलाय. तीस वर्षांत त्याच्याशिवाय माझ्या डोळ्यांत कुणी पाहिलेलं नाही, आणि त्याची एक काच कधी चुकली नाही. खोट माझ्यात आहे. पण त्याच्या हातचा शेवटचा चष्मा, आणि तोच मला पुरला नाही, हे कळलं तर तो ते माझ्या नाही, स्वतःच्या उतारात लिहील. म्हणून हात थकले असं कळवलं. माझ्या हातांवर त्याची मालकी नाही.

तू मागतेस म्हणून चष्मा सोबत पाठवतेय. तपासून घे आणि मनाची समजूत करून घे. परत पाठवायची घाई करू नकोस. तो नसला की डोकं कमी दुखतं, ही एक गंमतच.

मशीन तीसला जाईल. त्याचं वाईट वाटून घ्यायला मला एक महिना मिळाला, तो मी पुरेपूर वापरला.

तुझ्यावर जीव आहे, तोंडावर ताबा ठेव.

तुझी,
आत्या


२२ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पार्सल लेकीच्या नावाचं होतं. ती बाहेर गेली होती. तुझ्या अक्षरातलं पार्सल माझं नसेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी उघडलं. पत्र वाचलं. चष्मा हातात घेऊन बसलो.

नऊ महिने ज्या मशीनला नावं ठेवली, ते चालवायचं कसं हे मी शिकलो नव्हतो. त्यामुळे लेक येईपर्यंत स्टुलावर थांबलो. ती आली, तिने चष्मा मशीनवर ठेवला. मग कपाटाचं कुलूप काढलं, तुझा जुना चष्मा बाहेर काढला आणि तोही ठेवला. दोघांचे आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहिले आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

ताई, उजवी काच डाव्या डोळ्यावर आहे आणि डावी उजव्यावर. तुझे डोळे गेलेले नाहीत. त्यांना नऊ महिने एकमेकांच्या काचा घालून बसवलं होतं, एवढंच.

समोर बसलेल्या माणसाचा उजवा डोळा आपल्या डाव्या हाताला असतो. म्हणून मी चाळीस वर्षं प्रत्येक उजव्या काचेला कडेला शाईचा ठिपका देत आलो. ही चूक नवशिक्यांची आहे, आणि नवशिक्यांना मी त्यावरून फार बोललोय. तुझ्या काचेला ठिपका दिला नाही. पाठ होते ना डोळे. पण मी तुला जन्मभर समोरूनच पाहिलंय, तेव्हा पाठही समोरूनच झाले. फ्रेम दुसऱ्या आकाराची असती तर काचेने बसायला नकार दिला असता. गोल फ्रेम कुणालाही आत घेते.

तेव्हा दुरुस्त्या अशा. चष्मा चढातून काढ. शाळा, कोट, सत्तावीस कॉलरी, शर्ट हे सगळे उतार माझ्या वर्षात टाक. स्वतःचे डोळे गेले यावर तुझा विश्वास बसला, पण भावाची चूक झाली यावर नाही बसला. हे कुठे लिहायचं, चढात की उतारात, ते मला ठरवता आलेलं नाही.

नव्या काचा लेकीने मशीनवर कापल्या. मी फक्त ठिपका दिला. सोबत पाठवतोय, आणि नियम मोडून जुनाही पाठवतोय. उपदेश नको म्हणाली होतीस, म्हणून विनंती करतो. चष्मा लाव, सुई ओवून बघ, आणि मग मशीनचं ठरव.

अजून लोभ ठेवावासा वाटला तर ठेव.

तुझा,
बारक्या

ता. क. तेलाच्या बाटल्या मी माझ्या गुडघ्यांना वापरतोय.


३० डिसेंबर

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

पार्सल सव्वीसला पोचलं. चष्मा लावल्यावर सर्वांत आधी दिसली ती पुढच्या खोलीतली धूळ. इतके महिने मी समजत होते की घर छान ठेवते. तू परत दिलेली दृष्टी मी पहिले दोन दिवस झाडण्यात घालवली.

सुई पहिल्या खेपेला ओवली गेली. मग दोरा काढला आणि पुन्हा ओवली. असं किती वेळा केलं ते तुला सांगणार नाही.

पडदेवाली आज ठरल्याप्रमाणे आली. मी तोंड उघडायच्या आत माझ्या हातातलं काम तिने पाहिलं आणि मटकन बसली. म्हणाली, तिला मशीन मुळात नकोच होतं, घरी ठेवायला जागा नाही. पण मी विकते म्हणताना माझा चेहरा असा काही झाला होता की तिला नाही म्हणवेना. दोघी चहा प्यायलो. बँकेतल्या साहेबांना मी स्वतः रस्त्यात गाठलं आणि बाही बदलून देते म्हटलं. ते तयार होईनात. त्यांना म्हणे आता सवय झालीय.

दुरुस्तीला दुरुस्ती. सगळे उतार स्वतःच्या नावावर घेऊ नकोस, तिथेही तुला मोठेपणा हवा. काच बदलली तू. पण तुझी चूक होऊच शकत नाही असं धरून नऊ महिने गप्प बसले मी. तेवढा उतार माझा आहे, तो माझ्याकडेच राहू दे. तुझं बावीस तारखेचं पत्र मात्र मी चढात घातलंय. अक्षर भयंकर आहे, ते आता नीट दिसतं.

उजव्या काचेच्या कडेला तुझा ठिपका अजून आहे. पुसताना तेवढी जागा सोडून पुसते.

तुझ्या नव्या शर्टाचं कापड आणून ठेवलंय. पण तो वाकड्या काजांचा आधी परत पाठव. तो हातात पडल्याशिवाय नवा मिळायचा नाही. माणूस जुन्याच्याच मोहात राहतो, हे तुझंच म्हणणं.

लेकीला माझा पापा दे, आणि तिच्या मागून ते स्टूल हलव. जीव आहे तिथेच आहे.

तुझी,
ताई

ता. क. तुझं माप मला पाठ आहे, असं लिहिणार होते. फीत घेऊन लेकीकडून मोजून घे आणि पाठव. बाह्या दोन्ही मोजायच्या, आणि उजवी कुठली ते लिहायचं.