गोमेट, दगडफूल आणि आप्पा

मंठा

प्रिय आदिनाथ,

फोन केला असता, पण तू मध्येमध्ये हसतोस आणि माझं सांगायचं राहून जातं. म्हणून पत्र. निवांत वाच.

कॉलेजात आपलं कशावरून जुंपायचं, आठवतंय? तुझा गोमेट पक्षी चिमणीएवढा, नारंगी छाती मिरवणारा, एका फांदीवर घटकाभर टिकायचा नाही. माझं दगडफूल वर्षभरात नखाएवढंही वाढायचं नाही. जे हलत नाही त्याच्याकडे काय बघत बसतेस, असं तू विचारायचास. जो थांबतच नाही त्याला बघायचं तरी कसं, असं मी. आता इथल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवताना हे भांडण मुलांना सांगते, तर वर्गात दोन तट पडतात. तुझ्या बाजूला जास्त मुलं जातात, याचा मला भारी राग येतो.

परवा आप्पांनी बांधावरची बाभळ तोडायला काढली. सावलीनं सोयाबीन मार खात होतं. सालीवरचं दगडफूल तरी मिळावं म्हणून मीही त्यांच्या मागे गेले. भिंग घेऊन खालची फांदी बघत होते, तर दगडफुलानं मढलेली एक गाठ दिसली. हात लावणार, तोच गाठीनं तोंड उघडलं! एक नाही, तीन तोंडं! गोमेटाचं घरटं होतं रे ते. कोळ्याच्या जाळ्यानं दगडफुलाचे तुकडे बाहेरून असे चिकटवलेले, की फांदी कुठली आणि घर कुठलं ते कळू नये. मी इतकी ओरडले, की आप्पांना वाटलं साप निघाला.

गोमेटाचं घरटं आहे म्हटल्यावर त्यांनी वाकून बघितलं. मादी चोचीत अळी धरून शेजारच्या फांदीवर तगमगत होती. आप्पांनी कुऱ्हाड खाली ठेवली. "पिल्लं उडूस्तोर हात लावायचा न्हाई," म्हणाले. मग बांधावर टेकत विचारलं, "तू तर दगडफूलवाली. पाखराचं नाव तुला कोणी शिकवलं?"

मी तुझं नाव सांगितलं. तिथंच थांबता आलं असतं. पण होळीला जालना स्टेशनवर तू मला काय विचारलंस, आणि मी आई-आप्पांशी बोलायला वेळ मागितला, तेही सांगून टाकलं. आप्पांनी तंबाखू मळून दाढेखाली धरली. मग म्हणाले, "पाखरं बघतं ते बराबर. पण पोटापाण्याला काय करतं?" बियाण्याच्या कंपनीत आहे म्हटल्यावर स्वारी खुलली. सोयाबीनच्या वाणावरून त्यांना तुझ्याशी भांडायचंय म्हणे!

तर पत्राचं कारण हे: येत्या रविवारी आई-बाबांना घेऊन ये. आमच्या आईनं आतापासूनच पुरणपोळीचा बेत ठरवलाय. माझं उत्तर तू कधीच ओळखलं असशील, तरी आज लिहून देते. हो, आदिनाथ. बिलकुल हो.

तुझीच, आता घरच्यांच्या देखत,
अर्पिता