मऊ झालेले हात

मच्छीमार नगर, कफ परेड
ता. ५ जानेवारी २०२५

चि. सौ. प्रियास अनेक आशीर्वाद.
बोटीच्या इंजिनाने माझे कान नेले, फोनवर तुझं बोलणं कळत नाही, म्हणून हा कागद. मासळीची पाटी सोडायला लावल्यापासून तुझ्या आईचे तळहात मखमलीसारखे झालेत. जाडसर, पण मऊ! उभा जन्म बर्फात गेलेले हात ते. मी तिला राणीसरकार म्हणून चिडवतो. मान मात्र काळी पडलीय, घासून जात नाही. जेवणही चिमणीएवढं. म्हातारपणी नखरे, दुसरं काय! जावयांना नमस्कार सांग.
तुझ्यावर जीव असलेला,
बाबा

हर्णै, ता. १२ जानेवारी

ती. बाबांस सा. न. वि. वि.
आईला चिडवू नका. प्रितमदादाने पाठवलेला तिच्या हातांचा फोटो मी इथल्या डॉक्टरीणबाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, या वयात तळहात एकाएकी असे झाले, मान काळवंडली, तर कधीकधी पोटात मोठा आजार लपलेला असतो. दादा समुद्रावरून परतायची वाट पाहू नका, परळच्या इस्पितळात न्या. मला फार भीती वाटतेय.
माया आहे तशीच राहू द्या.
आपली प्रिया

मच्छीमार नगर, ता. २ फेब्रुवारी

चि. सौ. प्रियास आशीर्वाद.
उगाच घाबरवलंस. पोटात नळी घालून तपासलं, काल रिपोर्ट आला. डॉक्टर तुझ्या आईशी बराच वेळ बोलले. मी आपला तिच्या तोंडाकडे बघत होतो. बाहेर आल्यावर तिने खुणेने सांगितलं, उष्णता आहे, मलम लावायचं. कालपासून मीच चोळतो. होळीला ये.
बाबा

हर्णै, ता. ९ फेब्रुवारी

ती. बाबांस सा. न.
बाबा, बसून वाचा. आईने फोनवर मला शपथ घातली होती, ती मोडतेय. तिला पोटाचा कॅन्सर आहे. यकृतात पसरलाय, ऑपरेशन होणार नाही. डॉक्टरांनी तिला सांगितलं ते हेच. तुम्ही आनंदाने मलम चोळताय हे वाचून मला राहवलं नाही. सासूबाईंचा पाय मोडलाय. नणंद आली की निघते.
क्षमा करा.
तुमची प्रिया

मच्छीमार नगर, ता. १५ फेब्रुवारी

चि. सौ. प्रियास,
पत्र पावलं. वाचत होतो तेव्हा तुझी आई समोरच कोळंबी सोलत होती. तिला कुठे वाचता येतं! तिने खुणेने विचारलं, पोर काय म्हणते. मी म्हटलं, सगळी खुशाल आहेत. ती हसली. मीही हसलो. एकवीरा आईच्या तसबिरीपुढे बसलो तर हात जोडवेनात.
नणंदेची वाट बघू नकोस, असशील तशी निघ. आम्हा दोघांना एकमेकांसमोर रडता येत नाही गं.
तुझा बाबा