आधी खंजीर, मग चांदणी

प्रिय ठमे,

तुझे शेवटचे रिपोर्ट आज सकाळी आले आणि सगळे चांगले आहेत. मूत्रपिंडं ठणठणीत, रक्त स्वच्छ, औषधं बंद. तुझ्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला जिन्यातच गाठून हे सांगितलं. वर म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यापासून कामावर जाऊ दे तिला. फक्त हातमोजा फाटला की बदलायचा असतो, एवढं तिच्या कानावर घाला." मी मान डोलावली आणि रेकॉर्ड विभागात येऊन कोणाच्या तरी पित्ताशयाची फाईल उघडून नुसताच हसत बसलो.

मावशीकडे आरामाला गेलेली तू दुपारी झोपतेस आणि उठल्यावर काय खायला आहे विचारतेस, असं कळलं. म्हणजे डोकं जाग्यावर आलं. आमच्या रेकॉर्ड विभागात मात्र तुझी फाईल बंद व्हायला तयार नव्हती. आपल्याच माणसाच्या आजाराला कोड, म्हणजे नोंदीचा ठरलेला क्रमांक, लावायचा नाही, असा आमचा रिवाज. म्हणून ती शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवाल्या बाईंकडे गेली. त्यांनी मेंदूच्या आवरणाला सूज हा कोड आधी टाकला, आणि कॉम्प्युटर अडून बसला. बाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "अहो, तुमची मुलगी मशीनचंसुद्धा ऐकत नाही."

तुला लहानपणी सांगितलेलं आठवतं का? मूळ आजाराच्या कोडाला आमच्या कोडांच्या पुस्तकात खंजिराची खूण असते आणि त्याने पुढे जो उपद्रव केला, त्याला चांदणीची. चांदणीवाला कोड एकटा उभा राहत नाही आणि पहिला तर कधीच येत नाही. आधी तुझ्या जनावरांच्या दवाखान्यातल्या त्या आजारी कुत्र्याच्या पिल्लाच्या लघवीतून, फाटक्या हातमोज्यातून, बोटावरच्या ओरखड्यातून आलेला जंतू लिहायचा. मग तुझ्या मेंदूच्या आवरणाची सूज. बाईंनी दोघांची जागा बदलली आणि फाईल मुकाट्याने बंद झाली.

घरी हा किस्सा सांगितला तर तुझी आई म्हणाली, "कारण मला विचारायचं. कारण म्हणजे ती नोकरी." तिचा कोड पहिल्या दिवसापासून ठरलेला होता. शेजारपाजारी ती नुसतं "डोक्यात ताप गेला होता" एवढंच सांगायची. कुत्र्याचं नाव काढायचं नाही. घरात माझ्याशी मात्र, "एवढंसं पिल्लू, मुतून माझ्या पोरीला हॉस्पिटलात पाठवतं म्हणजे काय?" मावशीकडे निघताना तू मला हळूच विचारलंस, आईचं काय करायचं. परवानगी मागायचं तुझं वय नाही, पण तिचं तोंड उतरवून तुला जनावरांच्या दवाखान्यात परत जायचं नव्हतं, हे मला कळत होतं. मी नुसती तुझी बॅग उचलली.

तू गेल्यावर आईने तुझे रबरी बूट आणि ॲप्रन पिशवीत भरले आणि तुमच्या दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांकडे निघाली. "वस्तू परत करते आणि ती येणार नाही म्हणून सांगून टाकते." संध्याकाळी पिशवी जशीच्या तशी परत आली. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तेच. मग माझ्या लक्षात आलं की पिशवी दाराशीच राहते आणि आईसाहेब नुसत्याच जातात. विचारलं तर, "पाय मोकळे करायला." पाय मोकळे करायला कोणी जुनी चादर आणि उकडलेलं चिकन घेऊन जातं का?

शेवटी तुमच्या डॉक्टरांनीच फोनवर खरं सांगितलं. ते पिल्लू बरं झालंय, पण त्याचा मालक फिरकलाच नाही. आई पहिल्या दिवशी पिंजऱ्यासमोर उभी राहिली ती त्याला चार शब्द सुनवायलाच. बोलून झालं, तर पिल्लाने जाळीतून नाक बाहेर काढलं. त्यावर ती डॉक्टरांना एवढंच म्हणाली, "याला पण सुई टोचली का हो, तिच्यासारखी?"

आता हे पत्र का, ते. आमच्या धंद्यात कारण आधी लिहितात, मी शेवटी लिहितोय. चष्मेवाल्या बाईंना सांगू नकोस. आई समोर बसून मटार सोलते आहे. "फोनवर मला रडू येईल, तुम्ही लिहा," म्हणाली. पिल्लाची दुसरी तपासणीही काल स्वच्छ आली, डॉक्टरांचा तसा निरोप आहे. ते आपल्या घरी येणार आहे. बूट धुऊन उन्हात ठेवलेत, शेजारी कोपरापर्यंतच्या हातमोज्यांचा अख्खा खोका आहे, तो आईचा हट्ट. पिल्लाचं नावही तिनेच ठेवलंय, खंजीर. रविवारी तू स्टँडवरून थेट दवाखान्यात जायचंस, त्याला घ्यायचं आणि मग दोघांनी घरी यायचं. दारात आधी त्याला सोडायचं आणि मागून तू आत यायचंस, अशी तिची सूचना आहे. क्रम चुकला तर मशीन घेत नाही म्हणे.

दाराशी वाट पाहणारा, तुझाच
बाबा